आजोबांच्या तोंडावरचा उजेड

काकांच्या दिवाणखान्यात आजोबांचं जुनं तैलचित्र आहे. जरीचा फेटा, गळाबंद कोट, बोटात अंगठी. उजेड असा पाडलाय की नजर फेट्यावरून अंगठीवर जाते आणि अंगठीवरून परत फेट्यावर. मागे सगळा अंधार. तो कोट उसना होता हे सारंगखेड्यात जुन्या माणसांना माहीत आहे. बडा घर पोकळ वासा, दुसरं काय! मला त्या चित्राचा लहानपणापासून तिटकारा.

गेल्या हिवाळ्यात चुलतभावाचं लग्न ठरत आलं आणि मुलीकडचे घर पाहायला यायचे झाले. काकांनी नंदुरबारहून चित्रकार बोलावून ते चित्र साफ करून घेतलं. धुराची पुटं निघाली तशी आजोबांच्या मागच्या अंधारात, जरा बाजूला, एक बाई दिसायला लागली. अनवाणी, अंगावर जाडंभरडं लुगडं, हातात कंदील. कंदिलाला तिच्या बाजूने पत्र्याची आड लावलेली, म्हणजे सगळा उजेड आजोबांच्या तोंडावर. पत्र्याच्या कडेनं सांडला तेवढ्यात तिचा चेहरा जेमतेम उजळलेला. कान आणि हनुवटी हुबेहूब माझ्या वडिलांची.

ती आजोबांची पहिली बायको, माझी आजी. वडील तान्हे असताना गेली, काका दुसरीचे. तिचा एकही फोटो नाही. पंचाहत्तरीच्या माझ्या वडिलांनी त्या संध्याकाळी आपल्या आईचं तोंड पहिल्यांदा पाहिलं. खुर्ची ओढून समोर बसले ते चहालाही उठले नाहीत. मी फोनवर फोटो काढला, तर ओल्या रोगणावर ट्यूबलाइटची चकाकी नेमकी तिच्या तोंडावर. फेटा मात्र स्वच्छ आला. सकाळी उन्हात काढू म्हटलं.

काका आले, त्यांनी पाहिलं आणि चित्रकाराला म्हणाले, "हिले काया रंग लाई दे. पाव्हणा म्हनतीन, घरनी बाई कामवालीनागत उभी शे."

"ऱ्हाऊ दे ना भो," वडील म्हणाले. एवढंच. घर धाकट्याचं, चित्र धाकट्याचं. भांडले ती मी. काका ऐकत होते आणि हसत होते.

सकाळी आम्ही पोचायच्या आत ती काळ्या रंगाखाली पुन्हा अंधारात गेली होती, कंदिलासकट. खरवडलं तर खालचंही निघेल, असं चित्रकार म्हणाला.

पाहुणे आले. केळीचे वेफर्स चघळत त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, काय तेज आहे चेहऱ्यावर! काका फुलले. मला किळस आली, त्या तेजाची, त्या वेफर्सची, त्या सोफ्यावर बसलेल्या माझी स्वतःचीसुद्धा.

 परतताना गाडीनं तापीचा पूल ओलांडल्यावर वडील म्हणाले, "बेटा, तुनी तं पाह्यं ना तिले? मन्हा डोयासमोर आते येतच नही. कसं व्हतं तिन्हं तोंड, सांग ना."