नवी नळी कुठं चोक होते
केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या ॲसिडने धुवायला घेतल्या, की नाकात झोंबणारा तो वास येतो आणि मला बहादरपूरच्या शेतातली एक सकाळ आठवते. त्याच्या काही वर्षं आधी माझ्या वडिलांना इंदूरला स्टेंट बसवला होता. हृदयाची नळी पुन्हा अरुंद होण्याचा धोका रक्तावरून कळतो, म्हणून डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली होती. तेव्हा घरचा कारभार पाहणारे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, म्हणाले, "नवी नळी कुठं चोक होते का? आज केळीची गाडी भरायची आहे." नळ्या क्षारांनी चोक होतात म्हणून दर हंगामाला ठिबक धुणारा माणूस हे बोलला, आणि वडिलांनी भावाचा शब्द मोडला नाही. पुढच्या हंगामाची केळी त्यांनी पाहिली नाही. मग मोठ्या बाबांनाच स्टेंट बसला. त्या सकाळी ते तसलाच कागद घेऊन बांधावर आले. मी टाकीत ॲसिड ओतत होतो. "गाडी काढतो का रे? रक्त तपासायला इंदूरला जायचं आहे." मी मान वर न करता म्हणालो, "मोठे बाबा, नवी नळी कुठं चोक होते का? आज केळीची गाडी भरायची आहे." मग वर पाहिलं, तर त्यांचा चेहरा पडला होता; कागदाची घडी घालून ते मागे फिरले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा त्यांना घेऊन गेला. रिपोर्ट चांगला आला आणि आजही ते ठणठणीत आहेत. बायको म्हणते, आता सोडून द्या. पण हा वास आला की त्यांचा तो पडलेला चेहरा दिसतो, आणि त्या दिवशी मला भाकरी गोड लागते.