तेलाच्या डब्यात बोललेलं

पाठवलेलं परत येऊ नये, एवढ्या एका इच्छेवर सबंध आयुष्य काढलेला माणूस मी एकच पाहिला. आत्याचे यजमान, आमचे आतोबा.

नोकरी अंकुशनगरच्या साखर कारखान्यात, कचेरीत. जीव मात्र परवाना काढून घरी मांडलेल्या वायरलेस सेटमध्ये. अँटेना केबलशी जुळली नाही, तर सेटमधून निघालेली लहर टोकाला आपटून माघारी येते, जाणाऱ्या लहरीत मिसळते आणि केबलमध्ये कुठे फुगवटा, कुठे खळगा तयार होतो. माघारी आलेली किती, ते मीटरची सुई दाखवते. हे आल्यागेल्याला समजावण्यासाठी ते अंगणातल्या धुण्याच्या दोरीचं एक टोक सोडून तिला हिसका देत. लहर खुंटीपर्यंत जाऊन परत येई आणि आत्याच्या ओल्या साड्या मातीत. "अहो, धुणं तरी वाळू द्या की!" आत्या ओरडे. लग्नकार्यात एखाद्या यजमानाने तोंडदेखलं हसून स्वागत केलं, की आतोबा माझ्या कानाशी लागत, "मीटर लावलं तर निम्मं वापस यील बघ."

वाटूरचे एक निवृत्त उर्दू मास्तर त्यांचे हवेतले दोस्त. कोणाची अँटेना उंच, यावरून दोघांचं बिनसलं आणि रोजचं सकाळचं बोलणं थांबलं. पुढे कळलं, मास्तर सेट विकणार आणि मुलीकडे हैदराबादला जाणार. आतोबांची झोप उडाली. समेट व्हायचा तर हवेतच. फोनवर माफी मागणं त्यांना कमीपणाचं वाटे.

मास्तर निघायच्या आदल्या सकाळी आतोबा सेटपुढे बसले. सुई शून्यावर. "एक कण बी वापस न्हाई!" म्हणत त्यांनी माईक उचलला. "मास्तर, अँटेना तुमचीच उंच. चूक बिलकुल माझी. जायच्या आधी एकदा बोला." पुष्कळ बोलले. उत्तर नाही. पुन्हा बोलले. मग माईक ठेवून दिला.

आत्या तिथेच लसूण सोलत होती. तिने झाडायला म्हणून टेबलाखालचा पत्र्याचा डबा सरकवला आणि हात झटकला. "अहो, ह्यो तापलाय कशानं?"

त्या डब्यात तेलात बुडवलेला रेझिस्टर होता. हवेत गोंगाट न करता सेट तपासायचा, तर केबल त्याला जोडायची. लहर परत येत नाही, बाहेरही जात नाही, नुसतं तेल तापतं. चाचणीनंतर केबल अँटेनाला लावायची राहूनच गेली होती.

त्यांनी केबल बदलली. हाक दिल्याबरोबर खरखरीतून आवाज आला, "अरे भाई, सुबे से कान लगाके बैठा हूँ! किधर थे?"

"तेलात," आतोबा म्हणाले आणि डोळे पुसू लागले.

आता आतोबा नाहीत. दिवाळीत गेलो तेव्हा सेट लावला. मला परवाना नाही, म्हणून केबल डब्यालाच जोडली. सुई शून्यावर होती. आतोबांना सांगायचं साचलं होतं, ते माईक उचलून हळूहळू सांगितलं. बराच वेळ लागला. आत्या चहा घेऊन आली, शेजारी बसली. तिने वाकून कोमट झालेल्या डब्यावर तळवा ठेवला आणि चहा निवेपर्यंत तो उचलला नाही.