वाऱ्याच्या तोंडचं दार

एस्मुरात लग्नाला गेला तरी आधी दाराच्या वरच्या कोपऱ्याकडे बघायचा. तारांचा दोंब्रा वाजतोय, नवरी मान खाली घालून आत येतेय, आणि हा गडी वर बघत पुटपुटतोय, "तेल गळतंय. महिनाभर काढेल, फार तर." त्याची बायको झाउरेश त्याला कोपराने ढोसायची. "हळू बोला! लोकांना वाटेल, नवरीच्या म्हातारीबद्दल बोलताय."

उमेदीची वर्षं त्याने कझाखस्तानातल्या एकिबास्तुझच्या कोळसा खाणीत इंजिनं दुरुस्त केली. पाठीने दगा दिला तेव्हा तो दारांकडे वळला. दुकानं, कचेऱ्या, दवाखाने, जिथे जिथे दार आपलं आपण मिटायला हवं, तिथे डोअर क्लोजर, म्हणजे दाराच्या वरची तेल-स्प्रिंगची पेटी, बसवायचा आणि जुळवून द्यायचा. काम हलकं, पण डोकं तापवणारं. इंजिनाला चालक एकच असतो. दाराला मात्र जो येईल तो मालक.

त्यातही स्टेशनजवळच्या तीन मजली व्यापार केंद्राच्या दाराने त्याचा पार भुगा केला होता. दार बाहेर उघडणारं आणि रस्ता असा, की स्टेपच्या उघड्या माळावरून सुटलेला वारा नाकासमोर धावत यायचा. कुणी दार उघडलं की वारा ते हातातून हिसकावून घ्यायचा, भिंतीवर आपटायचा आणि तिथेच दाबून धरायचा. आतल्या लोकांच्या चहावर बर्फाचा भुगा.

डिसेंबरात क्लोजर तेल ओकून मेला. एस्मुरातने नवा बसवला. जानेवारीत व्यवस्थापिका गुलबारशिनचा पुन्हा फोन.

"एसेके," आदराने त्याचं नाव आखडून ती म्हणाली, "तुमचं दार मिटत नाहीये."

"माझं दार? माझं दार माझ्या घरी आहे, आणि ते मिटतं!"

तो गेला, शिडी लावली, वर बघितलं आणि त्याचा तिळपापड झाला. वेग ठरवणारा स्क्रू कुणीतरी पिळून पार बाहेर काढला होता. तेलाचा ओघळ चौकटीवरून खाली आलेला.

"गेन्रिख!" तो पहारेकऱ्यावर गरजला. गेन्रिख म्हणजे जुना खाणकामगार, मूळचा जर्मन, पण शिव्या कझाखमध्ये द्यायचा. "हे कुणी केलं?"

"मी नाही. वरचा दातांचा डॉक्टर म्हणतो दार आपटतं, त्याचा हात हलतो. औषधवाली म्हणते लवकर मिटत नाही. ज्याच्या हाती स्क्रूड्रायव्हर तो कारागीर. मी कुणाकुणाचे हात धरू?"

आणि आत दाराशेजारच्या खोपटातून कलामपीर अपांचा आवाज आला. अपा, म्हणजे आजी, असं त्यांना सगळे म्हणायचे; दिसायला मूठभर बाई. कोटांना अस्तर लावायच्या, चेन बदलून द्यायच्या. "अरे एस्मुरात, बाळा, तू दारवाला की वाऱ्याचा जावई? तुझ्या राज्यात तो रोज आत येऊन माझ्या मांडीवर बसतो!"

सगळे हसले. एस्मुरातला ते लागलं. त्याने सर्वांत दांडगा क्लोजर आणला, स्प्रिंग शेवटपर्यंत पिळली. पिळताना त्याला कळत होतं, की हे जास्त होतंय. एवढा ताण कुणी ठेवत नाही. पण दात-ओठ खाऊन तो म्हणाला, "आता बघू वारा काय करतो ते."

वाऱ्याने काहीच केलं नाही. दार तुरुंगाच्या दारासारखं मिटलं. गुलबारशिन खूष झाली, आणि एस्मुरात घरी जाऊन शांतपणे जेवला.

दुसऱ्याच दिवशी अपा पोस्टातून परत आल्या. थंडी अशी, की थुंकी जमिनीवर पडेपर्यंत गोठावी. पायाखाली बर्फ. त्यांनी दार ओढलं. दार हललं नाही, त्याच घसरून पुढे गेल्या. जाड हातमोज्यांत मूठ पकड घेईना म्हणून त्यांनी मोजे काढले आणि उघड्या हातांनी लोखंडी दांडा धरला. काचेवर आतून बर्फाची जाळी, त्यामुळे त्या कुणालाच दिसल्या नाहीत. गेन्रिख मागे चहा प्यायला गेला होता. त्यांनी हाका मारल्या, दारावर थापा मारल्या. शेवटी एक गिऱ्हाईक बाहेर पडलं तेव्हा त्या आत आल्या. उजव्या हाताची तीन बोटं मेणबत्तीसारखी पांढरी झाली होती.

बातमी कळली तेव्हा एस्मुरात पहिल्यांदा भडकलाच. "गुलबारशिनला हवं होतं तसं केलं मी! मी काय करू? मिटलं नाही तरी मीच, उघडलं नाही तरी मीच!"

झाउरेशने चहाची वाटी त्याच्यासमोर ठेवली. "स्प्रिंग कुणी पिळली?"

तो वाटी तशीच ठेवून उठला.

अपा घरी पलंगावर बसल्या होत्या. बोटांना पट्ट्या. डॉक्टर म्हणाले होते बोटं राहतील, पण सुई धरायला महिने लागतील. एस्मुरात दाराशी टोपी कुस्करत उभा राहिला.

"ये, ये. तुला चिमटा काढायचा तर हातच नाही धड," अपा म्हणाल्या.

"अपा, चूक झाली. रागाच्या भरात जास्त ताण दिला. आज सैल करतो."

"म्हणजे वारा परत माझ्या मांडीवर?"

"मग काय करू मी?" तो जवळजवळ रडकुंडीला आला. "घट्ट केलं तर उघडत नाही, सैल केलं तर मिटत नाही! बाहेरून दुसरं दार घालून मध्ये खोली करा म्हणून मी घसा कोरडा केला. मालक लांब अल्माटीत, त्याला तिथे वारा लागत नाही!"

अपा म्हणाल्या, "आणि मागचं दार कुणासाठी ठेवलंय? जिनभुतांसाठी?"

एस्मुरातला ते आत्ता आठवलं. अंगणाकडचं दार. तिथे वाऱ्याची झुळूकही नाही. त्याला कुलूप होतं, मागे रिकाम्या खोक्यांचा डोंगर, आणि शेजारी गुलबारशिनची उबदार कचेरी. पुढच्या दाराशी झटापट करण्याच्या नादात त्याने ते दार कधी बघितलंच नव्हतं.

त्याने पुढची स्प्रिंग सैल केली आणि गुलबारशिनला विचारलं. ती साफ नाही म्हणाली. "माझ्या कचेरीसमोरून अख्खं गाव जाणार? आणि खोकी कुठे ठेवू, डोक्यावर?"

"बहिणी, माणसाची बोटं गेली असती!"

"ताण तुम्ही दिला होता, एसेके."

तो हात चोळत परतला.

तोडगा अपांनी काढला. पट्ट्या घातलेला हात घेऊन त्या एके सकाळी आल्या, गेन्रिखकडून शिलाई मशीन उचलवून घेतलं आणि सरळ गुलबारशिनच्या कचेरीत मांडलं. भाचीला मशीनवर बसवलं, आपण शेजारी बसून हुकूम सोडू लागल्या. गिऱ्हाइकं कचेरीत. कोट टेबलावर. अपा खुर्चीत.

"अपा, हे काय चालवलंय?" गुलबारशिन किंचाळली.

"इथे ऊब आहे गं पोरी. डॉक्टरांनी बोटं उबेत ठेवायला सांगितलीत. तुझा त्रास नाही मला, तू कर तुझं काम."

म्हाताऱ्या बाईला, त्यातून बोटं बांधलेल्या, बाहेर काढायचं कोणत्या तोंडाने? बायका चहा घेऊन येऊ लागल्या, बावर्साकचे पिठाचे गोळे तळून आणू लागल्या, आणि जाताना गुलबारशिनच्या लग्नाचीही चौकशी करू लागल्या. आठवडा संपायच्या आत खोकी हलली, कुलूप निघालं. पुढच्या दाराला अडसर बसला आणि 'हिवाळ्यात मागून या' अशी पाटी लागली.

एस्मुरातने मागच्या दाराला हलका क्लोजर बसवला. अपांना बोलावून डाव्या हाताच्या एका बोटाने ते उघडायला लावलं. दार उघडलं, सावकाश परत आलं, आवाज न करता मिटलं. अपांनी मान हलवली. स्तुती त्यांच्या स्वभावात नव्हती.

एप्रिलमध्ये, अपांची बोटं सुई धरू लागल्यावर, तो तेल बघायला सहज गेला. मागचं दार सताड उघडं होतं. अपांची जड कोळशाची इस्त्री खाली अडकवलेली, आणि क्लोजरचा वरचा दांडा ताणून ताणून वाकलेला.

"अपा!"

"ओरडू नकोस. आत उकडतं."

एस्मुरातने डोकं धरलं, शिडी उघडली आणि पाना शोधू लागला.