दोन थड्या अन् माहे दोन अंगठे

बेटावर राह्याले जाचं मीच ठरवलं होतं. हे आंधीच सांगून टाकतो, म्हंजे मंग दुसऱ्या कोनाले दोष द्याची पाळी येनार नाही.

आमचं गाव पैनगंगेच्या ह्या थडीले, आदिलाबादच्या बाजूनं. घरात आमी तीन भाऊ, तिघाइच्या बायका अन् लेकरायची जत्रा. मी सगळ्यात लहान. म्हनून बैल पान्यावर नेनं माह्याकडं, शेन उचलनं माह्याकडं अन् सगळ्याले हसवनं बी माह्याकडंच. शाळेचं तोंड म्या कधी पाह्यलं नाही. शाळेनं माह्यं पाह्यलं असतं तं तीच पळून गेली असती.

नदीच्या मधात एक बेट होतं. एक म्हातारा तिथं डांगरवाडी करे. वाळूत आळे करून टरबुजं अन् डांगरं लावे, वरच्या काळ्या मातीत वांगे. तो आपल्या लेकाकडं निघून गेला अन् बेट रिकामं पडलं. म्या बायकोले म्हनलं, "चाल, आपन बेटावर राहू. तिथं ना जाऊ, ना भासरा, ना पहाटे हाका मारनारं कोनी. चारी बाजूनं पानी अन् मधात आपन राजा-रानी."

ती भाकर थापत होती. मान वर न करता म्हनली, "चारी बाजूनं भिंत असली का त्याले कोंडवाडा म्हनते. पानी असलं का राजवाडा काऊन होते?"

म्या उठून बैल जुंपले. बैल मोठ्या भावाचे होते. विचारलं असतं तं तो नाही म्हनला असता, म्हनून म्या विचारलं नाही.

माघाचे दिवस. पानी गुडघ्याइतकं. गाडीत बायको, आठ वर्साची पोरगी, दोन लहान पोरं, एक शेळी अन् जातं. मधधारेत जात्याची वरची तळी पान्यात पडली. ती काढाले मी वाकलो तं माह्यं पागोटं वाहून गेलं. बेटाचा राजा बोडक्या डोक्यानं राज्यावर उतरला.

पह्यलं वरीस बरं गेलं. टरबुजं गोड झाले. त्याच्यात माहा हात कमी, नदीचा जास्ती.

ते दिवस सगळं बदलून राह्यले होते. निजामाचं राज्य गेलं होतं, साहेब बदलले होते, साहेबायच्या टोप्या बदलल्या होत्या. मंग एक दिवस त्या थडीवरून माहा साळा ओरडला, "ओ भाऊजी, आमी मुंबईत गेलो!" म्या म्हनलं, हा कवा निघाला? काल तं इथंच मिरच्या वाळू घालत होता. तो म्हने, "मी जागेवरच हावो. गाव गेलं मुंबई राज्यात." अन् आमची थडी आंध्रात. मी मधात बसून टरबूज खात होतो. माह्या मांडीखालची वाळू कोनाची झाली, ते मले कोनी सांगतलं नाही, अन् म्या बी विचारलं नाही.

न विचारन्याचा फायदा मले लवकरच दिसला. आमच्याकडं वेठीची चाल होती. साहेब दौऱ्यावर आला का गावानं कोंबड्या द्याच्या, लाकडं द्याचे, खाटा द्याच्या. अन् साहेब निघाला का त्याचं सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोचवाचं. शिवेवर ते दुसऱ्या गावच्या मानसाइनं उचलाचं. वेठ बंद झाली असं सगळे सांगत, पन शिपायाले ते कोनी सांगतलं नोहतं.

एक दिवस आमच्या थडीचा शिपाई पान्यातून धोतर वर धरून आला. "चाल रे, साहेबाचा मुक्काम हाये. दोन कोंबड्या घे अन् तू बी चाल."

म्या हात जोडले. "आलो असतो हो. पन हे बेट त्या थडीचं हाये. तिकडच्या साहेबाले राग आला तं?"

तो डोकं खाजवत परत गेला. महिन्यानं त्या थडीचा शिपाई आला. त्याले म्हनलं, "मालक, तुमची सेवा केली असती. पन हे बेट आदिलाबादच्या थडीचं." तो बी परत गेला. माह्या कोंबड्या अंडे देत राह्यल्या.

हे म्या स्वतापुरतं ठेवलं असतं तं निभलं असतं. पन माह्या पोटात गंमत राहात नाही. ह्या थडीच्या बाजारात सांगतली, त्या थडीच्या बाजारात सांगतली. लोक पोट धरून हसले. मी घरी आलो तं बायको म्हनली, "सगळे हसले?" म्या म्हनलं, "सगळे." ती म्हनली, "शिपाई बी असन त्याच्यात."

मंग मोजनीवाले आले. आंधी आमच्या थडीचे. साखळी वढत, तेलगूत बोलत. संग पटवारी अन् मांगं तोच शिपाई. पटवाऱ्यानं विचारलं, "काय रे, बेट कोन्या गावच्या हद्दीत?" मले शिपाई दिसला अन् तोंडातून आपोआपच निंगालं, "त्या थडीच्या." त्यानं कागद पुढं केला, म्या उजवा अंगठा टेकवला. आठ दिवसानं त्या थडीचा तलाठी आला, त्याच्या मांगं त्याचा शिपाई. म्या म्हनलं, "आदिलाबादच्या थडीच्या." त्याच्या कागदावर डावा अंगठा टेकवला. मले वाटलं, मोठं डोकं चालवलं. एकाच अंगठ्यानं दोन खोटे बोललो असतो तं पकडलो गेलो असतो ना!

दुसऱ्या वर्सी आमच्या गावात शाळा निंगाली. सकाळी मराठी, दुपारी तेलगू. पोरगी आता दहाची झाली होती. गुरुजीनं तिले चार दिवस ओसरीत बसू देल्लं. चार दिवसात तिनं चार अक्षरं आनले. रोज पान्यातून जाये अन् परकर पिळत परत ये, पन अशी हसत ये का मी बाजारात बी कोनाले तेवढं हसवलं नाही. पाचव्या दिवशी गुरुजी म्हनले, "नाव दाखल कराचं तं पटवाऱ्याची चिठ्ठी आन. दुसऱ्या राज्याचं लेकरू असंच घेता येत नाही."

मी पटवाऱ्याकडं गेलो. त्यानं कागद काढला. "हा अंगठा कोनाचा?"

"माहाच."

"मंग तू त्या थडीचा. तिकडून आन."

नदी वलांडून तलाठ्याकडं गेलो. त्यानं बी कागद काढला. "हा अंगठा कोनाचा?" म्या डावा हात पाठीमांगं लपवला, पन तोवर उशीर झाला होता.

मंग भावाकडं गेलो. म्हनलं, पोरीचं नाव तुह्या घरून लाव. भाऊ म्हने, "आंधी बैल आनून बांध." म्या बैल आनून बांधले. गुरुजीले जाऊन सांगतलं. गुरुजी म्हनले, "बापाचं गाव लागते, काकाचं नाही." म्हंजे बैल बी गेले अन् चिठ्ठी बी नाही. हे म्या घरी सांगतलं तवा बायकोनं नुसतं तव्यावरची भाकर उलटी केली.

तेवढ्यात नदी भरली.

बेट उन्हाळ्यात दोनशे पावलं लांब असते. तवा ते शंभराच्या आत आलं. गढूळ पानी दोन्ही अंगानं घसरत जाये. पाहात बसलं का वाटे, पानी जागेवरच हाये अन् आपनच वाहून राह्यलो. बैल नोहते, डोंगा भोयाचा, अन् भोई पूर उतरल्याबिगर येत नसे. शेळीची दोरी म्या सोडून टाकली. ती कोठी जानार होती? ती एका टोकापर्यंत जाये, पान्याचा वास घे, फिरे, दुसऱ्या टोकापर्यंत जाये. दोन दिवसानं पाह्यलं तं मी बी तिच्या मांगंमांगं तेच करून राह्यलो होतो.

अन् ऐकनारं कोनी नाही. बायको, पोरगी अन् दोन लहाने. चौघाइले माह्या सगळ्या गमती पाठ. मी सुरवात केली का लहाना पोरगा शेवट सांगे. मले पह्यल्यांदा समजलं का गमत्या मानसाले परकी मानसं लागतात. घरच्याइसमोर तो नुसता मानूस असते, अन् तसा मी फार कमी होतो.

पोरगी कोळशानं भिंतीवर ते चार अक्षरं काढे. भिंत ओली, रातभर्‍यात अक्षरं पुसून जात. सकाळी ती परत काढे. तेच चार. एक दिवस तिनं विचारलं, "बा, पाचवं अक्षर कसं असते?"

म्या म्हनलं, "चौथ्यावानीच. जरासं जाड."

ती हसली नाही. तिनं माह्याकडं पाह्यलं, अन् कोळसा खाली ठेवला. मंग पूर उतरेपर्यंत तिनं तो हातात धरला नाही. त्याच्यापरीस तिनं मले शिव्या देल्ल्या असत्या तं मले जेवन गेलं असतं.

दसऱ्याच्या आसपास पानी कमरेले आलं तसा मी पटवाऱ्याकडं धावलो. पाय धरले. खरं सांगतलं. वेठ चुकवाले दोन्हीकडं खोटं बोललो, दोन अंगठे देल्ले, सगळं. पटवाऱ्याचा तंबाखू ठसक्यानं बाहीर आला, इतका तो हसला. चार जनाले बलावून म्हने, "ऐका, ऐका, ह्याची नवी गंमत ऐका!" मी रडून राह्यलो होतो अन् ते टाळ्या देऊन राह्यले होते.

घरी येऊन बायकोले सांगतलं. तिनं चुलीतलं लाकूड मांगं वढलं. मंग म्हनली, "तुमच्या बोलन्यावर आता कोनी भरोसा ठेवत नाही. तं बोलू नका. वेठ ज्या गावची, मानूस त्या गावचा. आपल्या गावात साहेबाचा मुक्काम पडला हाये म्हनते. जा अन् न बोलावता ओझं उचला. पन तोंड उघडलं तं परत बेटावर येऊ नका."

मी गेलो. साहेबाची कागदाची पेटी होती, लोखंडी. ती उचलाले कोनी तयार नोहतं. म्या डोक्यावर घेतली. शिपाई डोळे फाडून पाहाले लागला. "काऊन रे, आज बेट कोन्या थडीले वाहून आलं?" ह्याचे तीन उत्तरं माह्या जिभेवर होते. तिन्ही गिळले. दोन कोस चाललो. मान पोटात जाऊन राह्यली होती, अन् पेटीपरीस तोंडातल्या गमती जड होत्या.

शिवेवर पुढच्या गावचे मानसं उभे होते. त्याइनं खाटा घेतल्या, भांडे घेतले. माह्यापाशी आले अन् त्याइचा कोतवाल थांबला. "हा तं बेटावरचा. हा तुमच्या गावचा नाही. ह्याच्या डोक्यावरून आमी पेटी घेत नाही. उद्या कुलूप तुटलेलं निंगालं तं कोन्या गावाले धराचं?"

संग आलेला आमचा पटवारी म्हने, "घे रे, घे."

"कोन्या गावचा ते सांगा, मंग घेतो."

साहेब उन्हात उभा. "क्या बात है?" पटवारी माह्याकडं पाहे, साहेबाकडं पाहे. मी गप. शेवटी त्यानं दात खाऊन म्हनलं, "आमच्याच गावचा हाये."

कोतवालानं हात पुढं केले. म्या पेटी देल्ली नाही. दोन कोसात तेवढंच बोललो, "पटवारी साहेब, हे कागदावर."

कोतवाल पेटी मागे, मी सोडेना. साहेबानं विचारलं, हा काय मागते? कोनीतरी सांगतलं, पोरीची शाळेची चिठ्ठी. साहेब म्हने, "तो लिख दो ना." पटवारी माह्या कानाशी येऊन बोल्ला, "लिहितो. पन बेटाचा नाही, गावठानात राहनारा असं लिहितो. बेट सोडावं लागन. अन् वेठ चुकवली तं चिठ्ठी फाडतो." म्या मान हालवाले गेलो तं पेटी हालली. कागद टेकवाले जागा नोहती, म्हनून मी पेटीसकट खाली उकिडवा बसलो अन् पटवाऱ्यानं माह्या डोक्यावरच्या पेटीवर कागद ठेवून चिठ्ठी लिहिली. लेखनीचा एकेक टोचा मले टाळूत ऐकू आला. लिहिनं डोक्यात शिरलं म्हनते, ते माह्यं एवढंच.

बेट सुटलं. भावाच्या गोठ्यामांगं एक खोली मिळाली. एका बाजूनं भिंत, दुसऱ्या बाजूनं भावजय. पहाटे हाका सुरू झाल्या. साहेब आला का शिपाई आता दुसऱ्या कोनाच्या दारी जातच नाही, सरळ माह्या दारी येते अन् म्हनते, "चला, राजे." मी जातो.

चिठ्ठी घेऊन आमी दोघं शाळेत गेलो. गुरुजीनं नाव लिहिलं, गाव लिहिलं, मंग शाईची डबी पुढं केली. "बापाचा अंगठा."

माहे दोन्ही हात पुढं गेले. सवय लागली होती. म्या म्हनलं, "कोनता देऊ, गुरुजी?"

गुरुजी हसले. पोरगी हसली नाही. "बा, एकच," ती म्हनली. तिनं माहा उजवा अंगठा धरून शाईत बुडवला अन् कागदावर दाबला. मंग शाई वाळेपर्यंत माहा डावा हात आपल्या दोन्ही मुठीत गच्च धरून उभी राह्यली.