एकशे पासष्टवर सही

मी अण्णाराव. पुणे रस्त्याला, सोलापूर शहर संपतं तिथं माझा वजनकाटा आहे. एकतीस वर्षं उसाच्या, कांद्याच्या, सिमेंटच्या गाड्या तोलतोय. काट्यावर बसणाऱ्याला एक खोड लागते, समोरच्याने कोणताही आकडा सांगितला की तो खोटाच वाटतो. आकड्यांच्या बाबतीत माझ्याहून खडूस माणूस मी एकच पाहिलाय, आणि ती चौतीस वर्षांची बाई आहे.

बुद्धप्रिया मूळची मोडनिंबची. वडील वीजमंडळात लाइनमन होते. पोरीने डिप्लोमा केला, एका शोरूमच्या वर्कशॉपला लागली, आणि तिथल्या साहेबाने तिला उचलून काउंटरवर बसवलं. का, तर म्हणे गिऱ्हाइकाला इंजिनात हात घातलेली बाई बघवत नाही. दोन वर्षं ती "या, बसा, पाणी घेता का" एवढंच बोलत राहिली. तिसऱ्या वर्षी साहेबाच्या टेबलावर राजीनामा ठेवला आणि शुक्रवार पेठेत बोळाच्या तोंडाशी गाळा घेऊन स्वतःचं गॅरेज टाकलं. पेठेतल्या लोकांनी तिला सहा महिने दिले होते. आठ वर्षं झाली. आता तेच लोक गाडी अडली की पहिला फोन तिला करतात, वर मान करून.

तिचा हातखंडा टर्बोच्या गाड्यांत. टर्बो म्हणजे इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबणारा पंखा. हवा वाढली की त्याच मापाने पेट्रोल वाढावं लागतं, ठिणगी नेमक्या वेळी पडावी लागते. हे सगळं इंजिनाचा कॉम्प्युटर ठरवतो. तो चुकला तर पिस्टनला भोक पडतं आणि मालक डोक्याला हात लावून बसतो.

जुळे सोलापूर भागातला अभिमन्यू तिच्याकडे आला तेव्हा मी तिथंच चहा पीत होतो. बँकेत नोकरी, अंगाने गुटगुटीत, लाल रंगाची छोटी टर्बो गाडी. कारखान्यातून निघाली तेव्हा एकशे पाच एचपीची, म्हणजे हॉर्सपॉवरची. त्याने मोठा टर्बो बसवून घेतला होता आणि आता त्याला नवा कॉम्प्युटर हवा होता. मोबाईल तिच्या नाकासमोर धरून म्हणाला, "ताई, ह्यो घ्यायचा. आठ सिलिंडरचं इंजिन चालवतो. रेसच्या गाडीत असतो."

"तुज्या गाडीला सिलिंडर किती?"

"चार."

"मग उरलेले चार कुटं हायेत, घरी?"

माझा चहा नाकात गेला. पण तिने पोराला नुसतं हसून सोडलं नाही, समोर बसवून समजावलं. "इंजिन आतून खडखडायला लागलं तर ह्याला ऐकू येतंय का, ते आधी बघायचं. मग आपल्या उन्हात आत जाणारी हवा किती तापली, ते कळतंय का. आणि सगळ्यात मोठं म्हंजे त्याची किल्ली माज्या हातात पायजे. ह्या तुज्या मोठ्या कॉम्प्युटरला कंपनीचं कुलूप हाय. जरा काय बदलायचं म्हटलं की पुण्याला फोन करा. असला मी बसवत न्हाय." आणि त्याच कंपनीचा लहान, बिनकुलपाचा कॉम्प्युटर तिने निवडला.

त्या कंपनीशी तिचं बोलणं चाललं होतं. त्यांना सोलापूर जिल्ह्यासाठी एक गॅरेज नेमायचं होतं. ज्याला नेमतील त्याला रोलरचं मशीन देणार होते. गाडी रोलरवर चढवायची, जागच्या जागी पळवायची, मशीन एचपी सांगतं. बुद्धप्रिया आठ वर्षं त्या मशीनसाठी झुरत होती. तोवर तिचं मशीन म्हणजे माझा काटा, एक घड्याळ आणि वही.

पद्धत साधी आहे. गाडीचं वजन माहीत असलं आणि साठच्या वेगावरून शंभरला जायला किती वेळ लागतो ते मोजलं, की इंजिनाने किती जोर लावला ते गणिताने निघतं. मोडनिंबच्या अलीकडे नव्या रस्त्याचा एक तुकडा अजून उघडला नव्हता. ठेकेदाराला विचारून ती तिथं गाडी पळवायची, तीनदा जाताना, तीनदा येताना, म्हणजे वारा आणि चढ दोन्ही फिटतात. नवा कॉम्प्युटर बसवून झाला त्या दिवशी ती अभिमन्यूला घेऊन आधी काट्यावर आली. वजन भरलं अकराशे वीस किलो. पळवून आली तेव्हा सरासरी सव्वातीन सेकंद. वहीत आकडा निघाला एकशे पंचेचाळीस.

चार दिवसांनी कंपनीचा माणूस आला. शिवयोगी नाव, इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. त्याने छापील सर्टिफिकेट पुढं केलं. त्यावर 'दोनशे एचपी' आधीच छापलेलं होतं, फक्त बसवणाऱ्याची सही हवी होती.

"मॅडम, ही फॉर्मॅलिटी आहे. आमच्या कॅटलॉगमध्ये या गाडीला दोनशेच लिहिलंय."

"माज्या वहीत एकशे पंचेचाळीस हाय."

"रस्त्यावर घड्याळ लावून काढलेला आकडा!" तो हसला. "मशीन पाहिजे ना तुम्हाला?"

"पायजे की. लई पायजे. पण ह्या कागदावर सही न्हाय करणार. इंजिनाने दोनशे सोसले असं ह्या कागदात दिसलं, की उद्या कोणतरी आपलं इंजिन खरंच दोनशेला नेईल. मग आतला रॉड तुटून इंजिनाचा ब्लॉक फोडून भाईर येईल. तवा तुमी याल का पेठेत?"

त्याने आठ दिवसांची मुदत दिली आणि गेला. मला तर त्याची कॉलर धरावीशी वाटत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती काट्यावर हजर. इंजिन किती हवा ओढतं यावरूनही एचपीचा अंदाज येतो, तो तिने काढला होता. तो एकशे पासष्टच्या आसपास आला. दोन आकडे जुळेनात. तिने मला विचारलं, "काका, त्या दिवशी वजन करताना गाडीत कोण होतं?"

"कोण असणार? माझ्या काट्यावर माणूस चढवून वजन होत न्हाय. तुमाला दोघांना पेटीसकट उतरवलं की मी." हे मी छाती फुगवून सांगितलं. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझी छाती खाली बसली. रस्त्यावर गाडी पळाली तेव्हा ती आणि अभिमन्यू आत होते, हत्यारांची पेटी होती. एकशे सत्तर किलो माझ्या शिस्तीत राहून गेले होते.

तिने तिथंच उभ्याने गणित केलं. एकशे पासष्ट, पाच इकडे-तिकडे.

"आता गप राहा," मी म्हणालो. "वीसने चुकलीस म्हटलं तर तो तुला चावून खाईल."

"खाऊ दे."

आणि खाल्लंच त्याने. मुदतीच्या दिवशी अभिमन्यूसमोर, माझ्यासमोर तिने सांगितलं, "माजा आकडा चुकला होता. एकशे पासष्ट हाय." शिवयोगी खुर्चीत पुढे सरकला. "बघा! तुम्हीच आठवड्यात वीस वाढवले. मग आणखी पस्तीस वाढवायला काय हरकत आहे?"

बुद्धप्रिया उभी राहिली.

"वीस वाढले कारण मला चूक सापडली. तुमच्या पस्तिसात मला चूक दाखवा, आत्ता लिहिते. न्हाय दाखवली तर एक एचपी वाढणार न्हाय."

कुठून दाखवणार? तो एवढंच म्हणाला की जिल्ह्यात दुसरी गॅरेजं आहेत. तिने छापील सर्टिफिकेट त्याच्या हातात परत दिलं. स्वतःच्या कोऱ्या कागदावर लिहिलं: 'अंदाजे एकशे पासष्ट, रस्त्यावर मोजलेले'. खाली सही, आणि कागद अभिमन्यूला दिला. पोराचं तोंड उतरलं होतं. दोनशे सांगायची हौस होती बिचाऱ्याला. तरी त्याने कागद घडी घालून खिशात ठेवला. मशीन दुसऱ्या गॅरेजला गेलं. महिन्याभरात तिथून दोनशेची सर्टिफिकेटं बाहेर पडू लागली. मला अजून त्याची चीड येते.

त्या दिवशी शिवयोगीची गाडी बोळाबाहेर गेल्यावर मी तिला म्हणालो, "पोरी, वजन माझ्यामुळं चुकलं. काटेवाल्याची चूक, असं का न्हाय सांगितलंस? तुझी इज्जत राहिली असती."

तिने हात पुसले. "काका, तुमी गाडी बरोबर तोलली. आत कोण बसलं होतं ते मी बघायचं. खाली सही माजी हाय, तुमची न्हाय."

ती पुन्हा इंजिनावर वाकली. मी काट्यावर परत आलो. उसाचा एक ट्रॅक्टर उभा होता. वजनाच्या चिठ्ठीवर एकतीस वर्षं मी नुसता शिक्का मारत आलोय. त्या दिवशी 'माणसं उतरवून वजन' असं हाताने लिहिलं आणि खाली सही केली. ट्रॅक्टरवाला चिठ्ठी उलटसुलट करून बघत राहिला.