गमछ्याखालचे पाय

“पोर चांगली पळे, पन काकास्नी तिले झोपाडी दिधं... म्हनीसन हारनी ती.”

ओट्यावरच्या एका पाहुण्यानं हे सांगितलं आणि दोघं-तिघं दबकं हसले. भिकनकाका गेले म्हणून त्यांच्या दारावर बसायला आलेली माणसं होती, हसण्यात वाईटपणा नव्हता. ती पोर मीच. आत, दाराआड, काकींजवळ बसले होते. त्या दिवसाला आता तीन आठवडे झाले. काका गेले तेही दुपारीच, रोजच्या झोपेत. “चार वाजनात तरी उठनात नही,” एवढंच काकी येणाऱ्याला सांगत होत्या.

काका रेल्वेत गँगमन होते. उन्हात रुळांवर काम करायचं, दुपारी झाडाखाली पंचवीस मिनिटं आडवं व्हायचं आणि पुन्हा कुदळ उचलायची, अशी सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर नंदुरबारला त्यांनी पोरींना पळायला शिकवायला घेतलं, तेव्हा ती झोपही सोबत आणली. सकाळी मैदान, मग शाळा, आणि संध्याकाळच्या सरावाआधी मिरचीच्या एका रिकाम्या गोदामात सतरंजीवर झोपायचं. पहिले दोन दिवस आम्ही नुसत्या शिंकत होतो. सकाळी पळालेले पाय संध्याकाळी पुन्हा हवे असतील तर मधे त्यांना निजवावं लागतं, हे त्यांचं साधं गणित होतं. पण दिवसा झोपलेली पोर म्हणजे आळशी पोर, असं बहुतेक घरांचं मत. एका मैत्रिणीची आई तिला सोडेचना, घरी मिरचीचे देठ खुडायचे होते. काका सरळ त्या ढिगाशी मांडी घालून बसले. “माय, पोरले अर्धा तास निजू दे. तुन्ह्या मिरच्या मी खुडी देसू.” आणि आठवडाभर खरंच खुडत बसले. शेवटी ती माऊलीच लाजली.

एकदा आम्ही तासभर झोपलो, तर संध्याकाळी सगळ्यांचे पाय ओल्या गोणीसारखे जड. तेव्हापासून पंचवीस मिनिटं ठरली. तीननंतर झोपायचं नाही, नाहीतर रात्रीची झोप जाते. उठल्यावर पाणी, मैदानाला चालत दोन फेऱ्या, मगच पळणं. यार्डातून निघालेली गाडीही लगेच वेग घेत नाही, असं ते सांगायचे.

इंग्रजी शाळेतली मी एकटीच होते. अहिराणी सगळी कळायची, पण चुकेल म्हणून कधी बोलले नाही. दहा जणींमध्ये मला झोपही यायची नाही. डोळे मिटून पडायचे. “झोप नही उनी तरी पडी ऱ्हाय. आंगले समजस,” काका जाता जाता म्हणायचे. कोण झोपलंय नि कोण सोंग करतंय, ते त्यांना पायाच्या बोटांवरून कळायचं. खरं झोपलेल्याची बोटं सैल पडतात.

मग जिल्ह्याची तीन हजार मीटरची शर्यत आली. पहिल्या तिघी राज्याला जाणार होत्या आणि वेळ पाहता माझा नंबर नक्की होता. पण सकाळच्या शर्यतीत जिंकलेल्या मुलीला माईकसमोर उभं केलेलं मी पाहिलं होतं. सगळं मैदान तिच्याकडे बघत होतं... जिंकले तर मलाही तिथे बोलावं लागणार होतं. दुपारी निंबाखाली आडवी झाले. वेळ झाली तसे काका आले. “ऊठ वं बाई.” मी ऐकलं. डोळे घट्ट मिटून घेतले. ते पायांशी आले, मग खांद्यावरचा गमछा काढून माझ्या पायांवर टाकला आणि बाजूला जाऊन बसले. आणि गंमत म्हणजे, मला खरीच झोप लागली. इतकी गाढ झोप मला तिथे कधीच लागली नव्हती. नावं पुकारली तेव्हा काकांनी हलवून उठवलं. चालायला, अंग मोकळं करायला वेळच उरला नव्हता. मी चौथी आले.

“भाऊ, चूक मन्ही शे. मी पोरले उठाडं नही,” ते त्याच संध्याकाळी माझ्या वडिलांना म्हणाले. मी शेजारी उभी होते. खरं काही सांगितलं नाही. पुढे प्रत्येक नव्या पोरीला ते हीच गोष्ट सांगायचे, स्वतःवर हसत, आणि मोबाईलमध्ये एकाऐवजी दोन गजर लावायचे.

कॉलेजला गेल्यावर माझं पळणं सुटलं. सुट्टीत मात्र गोदामात जायचे. काका दाराशी खुर्ची टाकून माश्या हाकत बसलेले असायचे. मीही बसायचे. आम्ही फारसं बोलत नसू, पण ती दुपार मला आवडायची. आजही सतरंजीवर पाठ टेकली की पंचवीस मिनिटांत आपोआप जाग येते.

ओट्यावर विषय बदलला होता. काकींनी धुतलेला गमछा घडी करायला माझ्या हातात दिला, तोच, विटलेल्या हिरव्या काठांचा. घडी घालता घालता हात थांबले. त्या दिवशी काकांनी माझ्या बोटांकडे बघितलं असणार. बोटं ताठ होती. इतर कुणाला दिसू नयेत म्हणून...

मी गमछा तसाच घेऊन ओट्यावर गेले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. तरी मी बोलले.

“काकास्नी उठाडं व्हतं माले. मी जागीच व्हतू.”