दमयंतीबाईंनी पाहिलेलं नदीकाठचं गाव

दमयंतीबाई घरत पनवेलला आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायच्या. विमानतळासाठी त्यांचं खाडीजवळचं, नदीकाठचं गाव उठलं, तेव्हा नवरा देवजींबरोबर त्या इथे आल्या. नव्या वसाहतीत त्यांना भूखंड मिळाला होता. गावची बरीच मंडळी तिथे घरं बांधून राहिलीसुद्धा. पण दमयंतीबाई आपला भूखंड बघायलाही जात नसत.

"तिथं नदी नाय, काय नाय. कशाला बांदू?" एवढंच म्हणायच्या.

संध्याकाळी जिन्यात बसल्या की मला गावाचं सांगायच्या. भरतीचं पाणी कुठल्या पायरीपर्यंत यायचं, तेही सांगायच्या.

२०१९च्या मे महिन्यात मुलगी रोहिणी त्यांना फ्रान्सला घेऊन गेली. ती लियों शहरात नोकरीला होती. तिने आईला बाजार दाखवले, चौक दाखवले, पण आई हूं की चूं करेना. शेवटी एका रविवारी तिने गाडी काढली आणि दोन तासांवरच्या एका जुन्या गावी नेलं.

दगडी घरं एकमेकांना टेकून उभी. गल्ली एवढी अरुंद, की डोक्यावर पाटी घेतलेल्या दोन बायका समोरासमोर आल्या तर एकीला थांबावं लागेल. गल्ली संपली की थेट नदी.

"आई, आठशे वर्षांचं गाव आहे हे."

दमयंतीबाईंनी एका भिंतीवर तळहात टेकवला तो काढलाच नाही. पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "आटशे वर्सं! आनि यांना कुनी उठवला नाय?"



समोरच्या पायरीवर एक म्हातारी मटार सोलत बसली होती. दमयंतीबाई न विचारता तिच्या शेजारी बसल्या आणि ओंजळभर शेंगा घेऊन सोलायला लागल्या. रोहिणी ओशाळली. म्हातारीने मात्र टोपली मध्ये सरकवली. तिचं नाव सिमोन. कुठून आलात, असं तिने विचारलं.

"सांग तिला, माजा गाव पन नदीवरच व्हता. आता तिथं विमानं उतरनार."

रोहिणीने फ्रेंचमध्ये सांगितलं. सिमोनचा हात थांबला. "आणि माणसं? ती कुठे गेली?"

"मानसं हायत की. नव्या वसाहतीत समदी रांगेनं घरं बांदून ऱ्हायलीत. माजी शेजारीन रंभा पन तिथंच हाय."

सिमोनने गल्लीतल्या दारांकडे बोट केलं. हे घर पॅरिसवाल्यांचं, ऑगस्टात पंधरा दिवस येतात. ते परदेशी माणसाने घेतलंय. पलीकडचं तिच्या मैत्रिणीचं, ती गेल्यापासून बंद. "हिवाळ्यात या गल्लीत दिवा लागतो तो फक्त माझ्या घरात," ती म्हणाली.

"मग बोलतेस कुनाशी?"

"रेडिओशी," म्हणून ती हसली. मग दमयंतीबाईंकडे बघत तिने विचारलं, "तुझी शेजारीण आहे ना अजून? मग तू तिच्यापासून लांब का राहतेस?"

रोहिणीने हे भीतभीतच मराठीत सांगितलं. टोपली रिकामी होईपर्यंत दोघी सोलत राहिल्या. निघताना सिमोनने त्यांचे दोन्ही हात बराच वेळ धरून ठेवले.

परत आल्यावर आठवड्याभरात त्या देवजींना म्हणाल्या, "चला, जागा बगून येऊ." डिसेंबरात रंभाच्या घराला लागून दोन खोल्या उभ्या राहिल्या. वास्तुशांतीला मी गेलो. नवा, सरळ रस्ता, धूळ, एकसारखी घरं. बायकांची ये-जा चालू होती. मागच्या दाराने कुणी नारळ आणत होतं, कुणी पातेलं मागून नेत होतं. दमयंतीबाईंना इतक्या मोठ्याने बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

पंगती उठल्यावर त्या जरा निवांत बसल्या, तेव्हा मी विचारलं, "पुन्हा जाणार का फ्रान्सला?"

"जाईन की. ती म्हातारी हाय तवर जाऊन येईन." त्या रस्त्याकडे बघत राहिल्या. "रोयनी मना त्या म्हातारीचा गाव दाखवील. माजा मना कोन दाखवील?"

तेवढ्यात रंभाने भिंतीपलीकडून हाक मारली आणि त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या.